रविवारची बातमी शनिवारी

शनिवारी सकाळी संपादकांनी चहाचा कप हातात धरून पेपर उघडला आणि आतून क्लबचं साप्ताहिक वार्तापत्र घसरून त्यांच्या मांडीवर पडलं. स्वतःचं लिखाण छापून आलेलं पाहिलं की माणूस जसा सुखावतो, तसे ते आधी सुखावले. पहिल्याच पानावर ठळक मथळा होता, ‘रक्तदान शिबिर उत्साहात संपन्न’. खाली मजकूर होता, ‘रविवारी शाळेच्या सभागृहात झालेल्या शिबिराला प्रचंड गर्दी लोटली. अध्यक्षांनी हसतमुखाने सर्वप्रथम रक्तदान करून सर्वांपुढे आदर्श ठेवला. अवघे वातावरण भारावून गेले.’ वाक्यं झकास उतरली होती. संपादकांनी मान डोलावली, चहाचा घोट घेतला, आणि तो घशातच अडकला. रविवार अजून उजाडायचा होता.

इथे एक गोष्ट सांगून टाकायला हवी. संपादक हे पाणीपुरवठा कार्यालयातून निवृत्त झालेले कारकून. सेवा क्लबचं वार्तापत्र गेली कित्येक वर्षं ते एकटे काढत होते. छापखान्याचा मालक स्वस्तात छापून द्यायचा, पण गुरुवारीच, कारण त्या दिवशी त्याचं यंत्र रिकामं असायचं. कार्यक्रम मात्र रविवारी. मग संपादक काय करणार? बुधवारी जेवून उठले की ते रविवारची बातमी लिहायला बसायचे. त्यासाठी काही ज्योतिष लागत नव्हतं. क्लबचा कुठलाही कार्यक्रम घ्या, प्रास्ताविक लांबतं, पाहुणे उशिरा येतात आणि आभार मानेपर्यंत निम्मे लोक चपला शोधत असतात. घरी बसून हे दिसत असताना उगाच तिथवर पायपीट कशाला करायची? अंक सोमवारच्या पेपरात घालून घरोघर जायचा, त्यामुळे या कानाची त्या कानाला खबर नव्हती.

“अगं, हा अंक आज कसा आला?” संपादक स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडले.

“काल पेपरवाला विचारायला आला होता,” बायको आतूनच म्हणाली. “सोमवारी तो मेव्हणीच्या लग्नाला चाललाय. म्हणाला, उद्याच टाकू का? मी म्हटलं, टाका की. बातमी ताजी असलेली बरी.”

“इतकी ताजी?”

“का हो? काही चुकलं का?”

तेवढ्यात दाराची बेल वाजली. एकदा नाही, लागोपाठ.

दारात अध्यक्ष उभे होते. बाजारात त्यांचं खिळे, बिजागऱ्या आणि कड्याकोयंड्यांचं मोठं दुकान होतं. आवाज त्याच मालाला शोभेल असा होता. त्यांच्या मागे चिटणीसबाई होत्या. त्या औषधाच्या दुकानाच्या मालकीण, मोजकं बोलणाऱ्या आणि नेमकं करणाऱ्या.

“मी रक्त दिलं?” अध्यक्षांनी अंक नाचवला. “कधी दिलं? मला कसं कळलं नाही? आत्ता दाढी करायला गेलो तर न्हाव्यानं वस्तरा खाली ठेवून माझे पाय धरले!”

“चांगलं झालं की,” संपादक पुटपुटले.

“काय चांगलं झालं? अहो, मी फीत कापतो! दरवर्षी फीत कापतो आणि निघतो. थांबतो का कधी?”

हे संपादकांना खरंच माहीत नव्हतं. ते स्वतः तरी कुठे कधी गेले होते? अध्यक्षांनी इकडे तिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. आयुष्यभर किलोकिलोने खिळे विकलेल्या त्या माणसाला सुईची भीती होती. नुसती सुई दिसली तरी डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. दुकानात तुटलेलं बटण नोकराकडून लावून घेतानासुद्धा ते नजर फिरवून बसायचे.

“मग खुलासा छापू,” संपादक म्हणाले.

“काय छापणार? की आमचा संपादक बातम्या स्वप्नात बघतो?” अध्यक्ष भडकले. “म्हणजे मागचे सगळे अंकही तसलेच! आमचे जावईबापू कधीपासून मागे लागलेत की अंक आता मोबाइलवर काढू, व्हिडिओसकट. मीच म्हणत होतो, राहू दे, म्हाताऱ्या माणसाचा विरंगुळा आहे. आता बास. उद्या यातलं एक वाक्य जरी खोटं ठरलं, तर अंक जावईबापूंकडे.”

संपादकांचा चेहरा पडला. निवृत्तीनंतर त्यांच्या हातात फुलझाडांना पाणी घालणं आणि हा अंक, एवढ्या दोनच गोष्टी उरल्या होत्या, आणि झाडं काही त्यांना ‘संपादक’ म्हणत नव्हती. अंक गेला असता तर माणूस नुसता घरातला माणूस झाला असता. त्यांना खरोखर रडू आलं, पण अध्यक्षांसमोर त्यांनी ते गिळलं.

“भांडताय कशाला?” चिटणीसबाईंनी चष्मा लावून अंक हातात घेतला. “शिबिर उद्या आहेच. छापलंय तसं करायचं, संपलं. ‘प्रचंड गर्दी’. ती मी आणते. ‘वातावरण भारावून गेले’. तेही बघू. राहता राहिले अध्यक्ष.”

“मी?” अध्यक्षांचा आवाज एकदम पातळ झाला.

“तुम्हीच. आता नाही दिलंत तर गाव म्हणेल, अध्यक्षांनी दिलेलं रक्त परत घेतलं.”

रविवारी संपादक आयुष्यात पहिल्यांदा क्लबच्या शिबिराला हजर राहिले. सभागृहाबाहेरची गर्दी पाहून ते चक्रावलेच. एरवी या शिबिराला क्लबचेच लोक यायचे, तेही एकमेकांना आधी पाठवत. पण न्हाव्याच्या दुकानात गेलेली गोष्ट काही गुप्त राहत नाही. दुकानातल्या नोकरांना ठाऊक असलेली अध्यक्षांची भीती, आधीच छापलेली बातमी, सगळं बाजारभर झालं होतं आणि ते छापल्याप्रमाणे होतं का, हे बघायला अर्धा बाजार दुकानं बंद करून आला होता. बऱ्याच जणांच्या हातात अंक होता.

चिटणीसबाई दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. “आत फक्त रक्तदात्यांना प्रवेश,” त्या सांगत होत्या. “बघायचंय ना? मग नाव द्या, हात पुढे करा.”

लोकांनी चुळबुळ केली, एकमेकांकडे पाहिलं आणि नावं दिली. फुकटचा तमाशा म्हणून आलेली माणसं बाहीची बटणं सोडत रांगेला लागली. रांग दारातून निघून थेट फाटकाबाहेर गेली.

आत पहिल्या खाटेवर अध्यक्ष आडवे झाले होते. नजर छताच्या पंख्यावर खिळली होती आणि पंखा बंद असूनही ती गरगरत होती. शेजारच्या स्टुलावर संपादक होते. अध्यक्षांनीच त्यांना तिथे बसवलं होतं. “तुमच्यामुळे मरतोय. निदान बघा तरी,” असं म्हणून.

“हसतमुखाने लिहिलंय हं!” रांगेतून कोणीतरी अंक फडकावत ओरडलं.

अध्यक्षांनी ओठ फाकवले. ते पाहून पुढचे दोघे मागे सरले. चिटणीसबाईंनी पटकन कापडी पडदा ओढून खाट झाकून टाकली. आता पडद्याआड अध्यक्ष, संपादक आणि डॉक्टरीणबाई एवढेच राहिले.

“आई गं!” अध्यक्ष कळवळले.

“अहो, हा कापूस आहे,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

“काय झालं?” बाहेरून लोकांनी विचारलं.

“काही नाही, कापसाची तयारी चाललीय,” चिटणीसबाईंचा आवाज आला.

अध्यक्षांनी संपादकांचा हात असा आवळला की रक्त कोणाचं काढायचं, असा प्रश्न पडावा. त्यांच्या डोळ्यांतून घळघळ पाणी वाहू लागलं. “संपादक, मी उठून जाऊ का हो?” ते लहान मुलासारखे म्हणाले.

संपादकांच्या तोंडावर आलं होतं, अंकाचं काय? पण त्या चेहऱ्याकडे बघून त्यांना दया आली. मनापासून आली. “जा,” ते म्हणाले. “अंक गेला तर गेला. मी सांगतो सगळ्यांना, मीच खोटं लिहिलं होतं म्हणून.”

अध्यक्षांनी त्यांच्याकडे बघितलं. ‘जा’ म्हणणारा समोर असला की माणसाला जाता येत नाही. त्यांनी डोळे गच्च मिटले. “टोचा,” ते म्हणाले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “टोचून झालं की. रक्त पिशवीत चाललंय.”

पिशवी अर्धी भरली असेल नसेल, तोच पडद्याच्या वरून एक मोबाइल डोकावला आणि त्याच्यामागे जावईबापू डोकावले. ते बाहेर खुर्चीवर चढले होते.

“पप्पा, इकडे बघा! मस्त येतंय! रडताय ना, तसंच राहू द्या! एकदम खरं वाटतंय! आजच्या आज सगळ्यांना पाठवतो!”

अध्यक्षांचे अश्रू जागच्या जागी थांबले. गालावर ओघळ, नाक लाल, हातात संपादकांचा हात, हे सगळं आता सगळ्यांच्या खिशात जाणार होतं. त्यांनी आधी त्या मोबाइलकडे पाहिलं, मग उशाशी पडलेल्या अंकाकडे. अंकात त्यांच्याविषयी काय लिहिलं होतं ते त्यांना आता पाठ झालं होतं, आणि त्यातला शब्दन् शब्द पहिल्यांदाच त्यांना अतिशय आवडला.

“जावईबापू,” ते होता होईल तेवढ्या गोड आवाजात म्हणाले, “बघू बरं तो मोबाइल. छान आलंय का?”

जावयाने कौतुकाने मोबाइल खाली दिला. अध्यक्षांनी संपादकांचा हात सोडला आणि त्या मोकळ्या हाताच्या अंगठ्याने जे दाबायचं ते दाबलं. खिळेवाले असले तरी एवढं त्यांना कळत होतं. “अरेरे, पुसलं गेलं वाटतं,” ते म्हणाले. “जाऊ द्या. अंक छापीलच बरा. संपादकच काढतील.”

जावयाचं तोंड एवढंसं झालं. बाहेर रांग पुढे सरकत राहिली आणि डॉक्टरीणबाईंनी आणलेल्या पिशव्या दुपारपर्यंत संपून गेल्या. दुसऱ्या दिवशी बाजारात जो तो म्हणत होता, अंकात छापलं ते अक्षरशः झालं.

आणि नेमकं इथेच दुखणं सुरू झालं. बुधवारी जेवून उठल्यावर संपादक कागद घेऊन बसतात न बसतात तोच फोन वाजला.

“नमस्कार, संपादकसाहेब,” अध्यक्ष म्हणाले. आजवर ते कधी ‘साहेब’ म्हणाले नव्हते. “येत्या रविवारी तलावाची सफाई आहे. काय लिहिताय?”

“सुरुवात झालीय. ‘अध्यक्षांनी सर्वप्रथम पाण्यात उतरून...’”

“थांबा! मला पोहता येत नाही हो!”

“मग काय लिहू?”

“काठावर उभे होते असं लिहा,” अध्यक्ष काकुळतीला आले. “नुसते उभे होते. पाया पडतो तुमच्या. एवढं कराल ना?”

संपादकांनी पेनाचं टोपण सावकाश लावलं, सावकाश काढलं, आणि बायकोला हाताने चहाची खूण करत ते म्हणाले, “बघतो. जागा उरली तर.”