डब्यावरची मिरची

नागोजींनी मिक्सरच्या भांड्यात भिजलेलं वर्तमानपत्र घातलं, वर मूठभर भिजलेली मेथी टाकली आणि झाकण लावून बटण दाबलं. मागच्या दारात भांडी घासत बसलेल्या मालुबाई हातातला तवा तसाच टाकून आत धावल्या.

"अवो, काय वाटायला लागलाय?"

"कागूद."

"कागूद? माझ्या मिक्सरात? आनि मेथी कशाला त्यात? फोडनीबी देनार हाय का वरनं?"

"मेथीनं लगदा चिकट हुतोय गं. कीडबी लागत न्हाय. बुट्टी करायची हाय. आमची आई करायची की, गावाकडं, गुंजीला."

"तुमची आई पाट्यावर वाटायची. मिक्सर फुकट न्हाय आलेला!"

निपाणी डेपोतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाल्यापासून नागोजींना एक व्यसन लागलं होतं. तंबाखूच्या गावात राहून तंबाखूला न शिवलेला हा माणूस 'हे असं का होतं?' या प्रश्नाच्या मात्र पुरता आहारी गेला होता. सगळी नोकरी 'पुढं सरका' म्हणण्यात गेली, विचार करायला फुरसत कुठली? आता फुरसत होती आणि मुलानं, विक्रमनं, पुण्याहून पाठवलेला मोबाइल होता. त्या मोबाइलात घरच्या घरी साबण करणाऱ्या, केळीच्या सालीचं खत करणाऱ्या, नारळाच्या करवंटीचे दिवे करणाऱ्या बायका रांगेनं उभ्या होत्या. नागोजींनी त्यातलं सगळं करून बघितलं. साबणाला फेस आला नाही, खताला मात्र भरपूर आला.

या बुट्टीमागे, म्हणजे कागदाच्या टोपलीमागे, खास कारण होतं. दुसऱ्या दिवशी गावच्या महिला मंडळाचा मेळावा होता. तिथं दोन स्पर्धा होत्या, एक सोप्या पाककृतीची आणि दुसरी 'टाकाऊतून टिकाऊ'. जे काय करायचं ते हॉलमध्ये सगळ्यांसमोर करून दाखवायचं. टिकाऊची स्पर्धा बायका-पुरुष सगळ्यांना खुली होती, म्हणून नागोजींनी तिथं नाव दिलं होतं. मालुबाई पाककृतीत नाचणीच्या आंबोळ्या करणार होत्या. पाककृतीचं पहिलं बक्षीस इरकल साडी. मागच्या वर्षी ती शेजारच्या शालनआक्कांनी शेंगाच्या पोळीवर नेली होती आणि तेव्हापासून त्या कोथिंबीर आणायलासुद्धा तीच नेसून मालुबाईंच्या दारावरून जात. मालुबाईंना ती साडी हवीच होती. साडीपेक्षाही, ती नेसून शालनआक्कांच्या दारावरून एकदा जायचं होतं.

"आयका," मालुबाई मिक्सरचं भांडं विसळत म्हणाल्या, "उद्या तुमाला बक्षीस न्हाय मिळालं, तर ह्यो सगळा पसारा भंगारात. आनि तुमी स्वयपाकघराच्या उंबऱ्याभाईर. च्याबी भाईर मिळंल."

"आनि मिळालं तर?"

"मिळालं तर मिक्सर तुमचा," असं म्हणून मालुबाई हसल्या. त्यांना काही धोका दिसत नव्हता.

मग त्याच मिक्सरात त्यांनी नाचणी, तांदूळ, उडीद आणि मेथी वाटून घेतली. विक्रमच्या लग्नात त्याच्या दोन मामांनी एकमेकांना न विचारता एकाच दुकानातून एकसारखे स्टीलचे डबे दिले होते. एकात पीठ गेलं, दुसऱ्यात कागदाचा लगदा. पीठ नाचणीमुळं करडं, लगदा शाईमुळं करडा. मेथीचा वास दोन्हीकडे सारखाच. पण मालुबाई कच्च्या गुरूच्या चेल्या नव्हत्या. त्यांनी पिठाच्या डब्यावर एक लाल मिरची ठेवली.

"मिरची कशाला?" नागोजींनी लगेच विचारलं.

"पिठाला नजर लागू ने म्हनून. नजर लागली की पीठ फुगत न्हाय. मधनं उघडून बघायचंबी न्हाय."

बघायचं नाही म्हटल्यावर नागोजींना कसली झोप! पहाटे पाणी प्यायच्या निमित्तानं ते स्वयंपाकघरात गेले आणि त्यांनी दोन्ही डबे उघडले. पीठ झाकणापर्यंत फुगलं होतं. लगदा जिथल्या तिथं बसला होता. दोन्हीत मेथी, दोन्ही एकाच मिक्सरात वाटलेले, दोन्ही डबे सारखे. फरक होता तो एका मिरचीचा. मिरची नुसती नजर टाळते की पीठच फुगवते? नागोजींनी मिरची उचलली आणि आपल्या लगद्याच्या डब्यावर ठेवली. अंघोळ करून येईपर्यंत काय होतंय ते बघू, असं स्वतःशीच म्हणाले. मिरची परत जागेवर ठेवायची हेही त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं.

अंघोळ झाली, तोवर दारात रिक्षा येऊन हॉर्न वाजवायला लागली. शेगडी, कोळसे, पालथी घालायची लोखंडी कढई, तवा, खोबऱ्याची चटणी, या गडबडीत मिरची नागोजींच्या डोक्यातून साफ गेली. मालुबाईंनी मिरचीचा डबा बघून उचलला, मिरची पदराच्या टोकाला बांधली आणि डबा मांडीवर घेऊन रिक्षात बसल्या. झाकण उघडायचा प्रश्नच नव्हता, वाटेत शंभर नजरा. उरलेला डबा नागोजींनी घेतला.

हॉलमध्ये डाव्या हाताला पाककृतीची टेबलं होती, उजवीकडे टिकाऊची. नागोजींनी कढई शेगडीवर पालथी घातली, बुट्टी सुटून यावी म्हणून तिला तेल लावलं आणि डबा उघडला. आत जाळीदार, हलका, फुगलेला ऐवज! त्यांना धन्य वाटलं. मिरचीनं काम केलं होतं! मग मिरची झाकणावर का नाही, हा प्रश्न त्यांना पडायला हवा होता. नागोजींना जगातले सगळे प्रश्न पडत, हा नेमका पडला नाही.

लगदा जरा पातळ वाटत होता, पण फुगल्यावर पातळ व्हायचाच, असं त्यांनी स्वतःला समजावलं आणि मुठीमुठीनं तो कढईच्या पाठीवर थापायला सुरुवात केली. खाली कोळसे ठेवायची युक्ती त्यांची स्वतःची होती. एरवी बुट्टी वाळायला उन्हात ठेवावी लागते, आणि हॉलमध्ये ऊन कुठलं! कढईवर चर्र असा आवाज झाला. नागोजी खूश झाले.

तिकडं मालुबाईंनी डबा उघडला आणि त्यांचा चेहरा उतरला. पीठ फुगलेलं नव्हतं. त्यांनी मान वळवून हॉलच्या पलीकडे हाक दिली, "अवो, उघडला हुता न्हवं डबा?"

"बघिटलं जरा!"

"लागली बगा नजर!"

शेजारच्या टेबलावर पोळ्या लाटणाऱ्या शालनआक्का गोड आवाजात म्हणाल्या, "काय झालं, मालुआक्का?"

"काय न्हाय. थंडीनं जरा दडपलंय पीठ."

पीठ ओतता येईना. त्यांनी पाणी घातलं, ढवळलं, तव्यावर एक पळी टाकून पसरवलं. जाळी पडेना. कडा सुटेनात. वाफेला ओल्या कपड्यांना इस्त्री केल्यासारखा वास यायला लागला. मालुबाईंनी उलथनं घालून ती आंबोळी उलटली, आणि भाजलेल्या बाजूवर त्यांना अक्षरं दिसली. नीट न वाटल्या गेलेल्या एका तुकड्यावर 'जाहीर नोटीस' असं स्वच्छ वाचता येत होतं.

मालुबाईंनी उजवीकडे बघितलं. त्यांचं पीठ, त्यांची इरकल साडी, त्यांचा वर्षभराचा मान त्यांचा नवरा एका पालथ्या कढईला लिंपत होता. ओरडावं तर शालनआक्का शेजारी. आणि तेवढ्यात परीक्षक रचना मॅडम समोर येऊन उभ्या राहिल्या. त्या सदलग्याच्या, बोलताना अर्ध्या कानडीत जाणाऱ्या.

"येनिदु? काय हे, आंबोळी का?" असं म्हणून त्यांनी तुकडा तोडायला हात पुढं केला.

"खाऊ नगा!" मालुबाईंनी ताट मागं ओढलं. "ते... खायचं न्हाय, मॅडम. ते गरम भांडं ठिवायचं हाय. भांड्याखाली."

"भांड्याखाली? कशाचं केलंय?"

"जुन्या कागदाचं," मालुबाई खरं तेच बोलल्या. "तव्यावर भाजून. वाळवत बसाय लागत न्हाय."

रचना मॅडमनी ते भांड्याखालचं हातात घेतलं, वाकवून बघितलं, त्यावर चहाची गरम किटली ठेवून बघितली. "भाळ छलो! फार छान! पण आक्का, तुम्ही चुकीच्या टेबलावर बसलाय. हे टिकाऊमध्ये पाहिजे." त्यांनी स्वतः ते उचलून नागोजींच्या शेजारी नेऊन मांडलं. मालुबाईंना मागोमाग जावंच लागलं.

नागोजींच्या शेगडीभोवती आता गर्दी जमली होती. बुट्टी तांबूस झाली होती, कडेनं सुटत होती आणि तिचा वास सगळ्या हॉलमध्ये पसरला होता. 'कागदाला असा वास का येतोय?' याचा नागोजी विचारच करत होते. त्यांनी बुट्टी अलगद उचलून उताणी ठेवली. सुबक खोलगट, काठाला कुरकुरीत. आणि कुणाला काही कळायच्या आत रचना मॅडमनी काठाचा एक तुकडा मोडून तोंडात टाकला.

"थुका, मॅडम, थुका!" नागोजी ओरडले. "कागूद हाय त्यो! शाई हाय त्यात!"

मॅडम शांतपणे चावत राहिल्या. "नाचणी ना? मेथी पण बरोबर पडलीय. आणि वाटीतच चटणी घालून खायची? कल्पना मस्त आहे हो तुमची. ताटली धुवायला नको."

नागोजींनी एक तुकडा मोडून जिभेवर ठेवला. लग्न झाल्यापासून दर रविवारी खाल्लेली चव कोण विसरेल? त्यांनी मान वर केली. समोर मालुबाई उभ्या होत्या. त्या डोळ्यांनी जे सांगत होत्या ते सगळ्या हॉलला कळलं नाही, पण नागोजींना पुरेपूर कळलं. त्यांनी जन्मात पहिल्यांदा काही न विचारता गप्प बसायचं ठरवलं.

शालनआक्का मात्र गप्प बसणाऱ्या नव्हत्या. "नागोजीअण्णा, पीठ एवढं हलकं कसं झालं हो? काय घाटलासा?"

"मिरची," नागोजी म्हणाले.

"पिठात?"

"न्हाय. डब्यावर."

पाककृतीत पुरुष नको असं कुठं लिहिलेलं नाही, असं म्हणून रचना मॅडमनी बुट्टी डावीकडच्या टेबलावर नेली आणि सोप्या पाककृतीचं पहिलं बक्षीस नागोजींना मिळालं. अध्यक्षबाई इरकल साडी आणि नारळ घेऊन पुढं आल्या, ओटी भरायला म्हणून वाकल्या आणि थबकल्या. पदर नव्हता. मग नागोजींनी खांद्यावरचा टॉवेल पसरला आणि बक्षीस त्यात घेतलं. टाळ्या थांबेनात. टिकाऊचं पहिलं बक्षीस, एक कात्री आणि डिंकाची बाटली, मालुबाईंना मिळालं. दोघांनीही पुढच्या महिन्यात बेळगावला जिल्ह्याच्या स्पर्धेला जायचं आणि तिथं हेच करून दाखवायचं, असंही जाहीर झालं.

परतताना रिक्षात मालुबाईंनी हात पुढं केला.

"साडी द्या हिकडं," मालुबाई म्हणाल्या.

"का? मला मिळालीया."

"पीठ कुनाचं हुतं?"

"आनि नोटीस कुनाची हुती?"

मालुबाईंनी हातातली कात्री एकदा उघडली, एकदा मिटली. नागोजींनी साडी देऊन टाकली. "मिक्सर मातर माझा. बोली झालीया," एवढं ते हळूच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेपरात फोटो आला. नागोजी, हातात आंबोळीची बुट्टी, खांद्यावर टॉवेल. 'पाककलेत पुरुषाची बाजी.' नागोजींनी तो उभ्यानं वाचला, बसून वाचला आणि विक्रमला पाठवायला मोबाइल शोधायला आतल्या खोलीत गेले. परत आले तर पेपर जागेवर नव्हता.

स्वयंपाकघरात मालुबाई इरकल नेसून पाटावर बसल्या होत्या. शालनआक्कांच्या दारावरून त्या सकाळीच दोनदा जाऊन आल्या होत्या. समोर पाण्याची बादली होती आणि त्या पेपर फाडून तुकडा तुकडा पाण्यात सोडत होत्या.

"अगं, त्यात माझा फोटू हाय!"

"बघिटला की. बरा आलाय," मालुबाईंनी फोटो पाण्यात दाबला. "बेळगावला जायचं हाय न्हवं? मला कागूद नको का? आनि तुमी तितं उंबऱ्यात काय उभं ऱ्हायलाय? ती नाचणी काढून ठिवलीया, निवडाय घ्या."

नागोजी उंबरा ओलांडून आत आले आणि ताट पुढं ओढून बसले. ते नाचणीतले खडे वेचायला लागले, त्या भिजलेला कागद चोळायला. मग दोघांनी एकदमच मान वर करून एकमेकांना विचारलं,

"मेथी किती घालायची?"