रविवारची उमेदवारी

बोरवडीच्या शाळा व्यवस्थापन समितीत पालकांची एक जागा रिकामी झाली आणि तिच्यासाठी रविवारने अर्ज भरला.

अर्ज त्याने मुख्याध्यापक तांदळे गुरुजींच्या घरी नेऊन दिला, कारण त्याच्या दिवशी शाळेला कुलूप असतं. धुतलेला, अजून ओलसर सदरा आणि अंगाला रश्श्याचा वास. गुरुजींनी चष्मा लावून अर्ज वाचला.

"रविवारराव, नियमाप्रमाणे उमेदवार पालक हवा. तुमचा पाल्य कोण?"

"सगळीच पोरं. आठवड्यातनं एक दिवस माझ्याच तर जिवावर असत्यात."

हे काही गुरुजींना नाकारता येईना. अर्ज वैध ठरला.

समोर उमेदवार एकच, वैजयंता खरात. तिला खुर्चीची हौस मुळीच नव्हती. सातवीचा पट एका पोराने कमी भरत होता आणि वर्ग तालुक्याला हलवायचं घाटत होतं. तसं झालं की तिच्या पल्लवीची रवानगी वसतिगृहात. घरात तर मायलेकी दोघीच. समितीत बसून भांडावं आणि पोर एक वर्ष तरी डोळ्यांपुढे ठेवावी, एवढ्यासाठी ती उभी होती.

पण रविवारपुढे तिचा काय टिकाव लागणार! बाजार त्याचा, मटण त्याचं, पाव्हणेरावळे त्याचे. पोरं आधीपासूनच त्याच्या बाजूची, आणि पोरं जिकडे तिकडे आईबाप. प्रचाराला त्याला आठवड्याचा एकच दिवस मिळायचा खरा, पण दुसऱ्या कुणाला घरोघर हिंडावं लागतं. हा नुसता उजाडला की घरोघर पोचायचा.

बोरवडीत अशा जागेसाठी मतदान करत नाहीत. उमेदवारांना मारुतीच्या पारावर समोरासमोर बसवायचं, चहा द्यायचा आणि एकजण माघार घेईपर्यंत कुणाला उठू द्यायचं नाही. गावाला आपल्या बिनविरोधपणाचा फार अभिमान. भिकाआप्पा सरपंचांनी यंदाही दोघांना तसंच बसवलं, अर्थात रविवारी.

"पोरी, रातीचं बारा वाजेस्तवर दम धर," आप्पा हळूच तिला म्हणाले. "त्याला आपसूक उठावं लागंल."

वैजयंताला ते बरं वाटलं नाही. तिने सरळच विचारलं, "रविवारभाऊ, तुमास्नी कशापायी पायजे ही जागा?"

रविवारने चहाची बशी खाली ठेवली. "आक्का, जलमात उघडी शाळा बघितली न्हाई मी. घंटा ऐकली न्हाई. पोरं माझ्यापाशी खेळत्यात, पर सांज झाली की त्यांची तोंडं उतरत्यात. आत असं काय हाय, तेवढं एकदा बघायचंय."

तिला त्याची कणव आली. "समितीत बसून शाळा दिसत न्हाई, भाऊ. समितीला कपाट दिसतं. शाळा बघायची तर वर्गात बसाय लागतं. सातवीत एक पोर कमीच हाय."

रविवारने जागच्या जागी माघार घेतली.

वैजयंता बिनविरोध निवडून आली. तिने त्याचं नाव सातवीत घातलं आणि पालक म्हणून स्वतःच सही केली. पट भरला, वर्ग राहिला. सातवीची शाळा रविवारीही भरू लागली तेव्हा गुरुजींनी कपाळाला हात लावला, पण शिकवलं. बाकीची पोरं काही दिवस रविवारशी बोललीच नाहीत. तो मात्र पहिल्या बाकावर बसायचा आणि हजेरीला सगळ्यांत मोठ्याने "हजर" म्हणायचा. अपूर्णांक त्याला जमेनात, ते पल्लवीने शिकवले. त्याच्या दिवशी वैजयंता दोन डबे बांधायची. ते वर्ष तिचं फार सुखात गेलं.

मग निकाल लागला आणि दोघंही पास झाली.

आठवी गावात नव्हतीच. रविवार म्हणाला, मला पुढं शिकायचंय.

आप्पा चिडले. "तालुक्याला त्यांचा एक रविवार हाय, वर आपला बी देऊन टाकायचा? वैजंता, तू पालक हायेस त्याची. अडव त्याला."

"शिकू नगं म्हणून कसं सांगू, आप्पा?" ती म्हणाली आणि तिने दाखल्यावर सही केली.

दोघं एकाच एसटीने निघाली. बोरवडीचा तो शेवटचा रविवार. पल्लवीने खिडकीतून आईचा हात धरला.

"रडू नगं ना आई. वसतिगृहाला रविवारी सुट्टी असती. दर रविवारी घरी येते की मी."

शेजारच्या सीटवर रविवारने मान खाली घातली.

"ये," वैजयंता म्हणाली.

पुढच्या शनिवारी तिने अंगण सारवलं, पुरणासाठी डाळ भिजत घातली. सकाळी दार उघडलं तर उंबऱ्यापाशी सोमवार उभा होता. तिने त्याला तांब्याभर पाणी दिलं आणि ती कामाला लागली.