सेफ्टी शूज घालून समुद्रात

माझे सासरे बार्बाडोसच्या समुद्रात सेफ्टी शूज घालून उतरले. हो, तेच. कंपनीतले, काळे, पुढे लोखंड असलेले. आजूबाजूला गोरी मंडळी जवळजवळ काहीच न घालता वाळूत लोळतायत, आणि मधे आमचे नाना. लेंगा, शर्ट, टोपी आणि शूज!

नाना चाकणला पत्रे दाबून पार्ट बनवणाऱ्या एका प्रेस शॉपमधून सेफ्टी सुपरवायझर म्हणून रिटायर झाले, पण शूज काही रिटायर झाले नाहीत. माझ्या लग्नातही सफारीखाली तेच होते. "बोटं दहाच मिळत्यात, राव. अकरावं स्टोअरमधनं इश्यू होत न्हाई," हे त्यांचं पालुपद. घरात मोजे, झोपतानाही मोजे. आळंदीला गेलो की मंदिराबाहेरच थांबणार. "जा तुमी समदी, मी चपला सांभाळतो." मग बाहेरूनच हात जोडून, डोळे मिटून उभे. मी आपला कपाळाला हात लावायचो.

मेव्हणा तिकडे मेडिकल कॉलेजात नोकरीला आहे. त्यानेच हट्टाने सगळ्यांना सुट्टीत बोलावलं. पहिल्या सकाळी बीचवर गेलो आणि आईशप्पथ सांगतो, मी जागच्या जागी थांबलो. कडेला तर पाणी आहे हेच कळत नव्हतं. पुढे फिकट हिरवं, मग निळं, आणि त्याच्याही पुढे असलं निळं, की ते आपण कधी पाहिलेलंच नाही. छातीभर पाण्यात उभा राहिलो तरी मला माझ्या पायाची नखं दिसत होती. बायको, सुवर्णा, चक्क फोटो काढायचं विसरली होती.

नानांनी टोपी काढून हातात घेतली.

"जावईबापू, ह्ये एवढं धुऊन कुणी ठिवलंय?"

"चला ना पाण्यात!"

"न्हाई. मी चपला सांभाळतो."

तिथे चपला चोरणार कोण? पण रोज तेच. सगळ्यांच्या चपला ओळीत लावून हा माणूस पाण्याकडे बघत उभा. लाट ओसरली की दोन पावलं पुढे जायचे, आली की घाईने मागे. जीव नुसता ओढत होता त्यांचा, ते लांबूनही कळायचं. मला राग यायचा. एवढ्या लांब येऊन माणसाने पाय भिजवू नयेत?

एके दिवशी आमची पाच वर्षांची चिऊ लाटेने आडवी झाली. गुडघाभर पाणी, पण मी वळेपर्यंत नाना धावत आत गेलेसुद्धा, शूजसकट! तिला उचलून आणलं. ती खिदळत होती, नाना धापा टाकत वाळूत बसले. शूजमध्ये समुद्र भरलेला. चिऊने बसल्या बसल्या त्यांचा एक शूज ओढून काढला आणि मोज्याला हात घातला. नानांनी मोजा दोन्ही हातांनी घट्ट धरला. माझ्याकडे बघितलं. मग सोडला.

डाव्या पायाला दोनच बोटं होती.

"मी लहान होते," सुवर्णा हळूच म्हणाली. "नाना चप्पल घालून कामावर गेले होते, पायावर प्रेसची लोखंडी डाय पडली. तेव्हापासून मलाही पाय दाखवले नाहीत त्यांनी."

"आजोबा, बाकीची कुठंयत?" चिऊने विचारलं.

"ती व्हय? ती चाकणला हायती. कामावर."

"त्यांना सुट्टी नाही मिळाली?"

"न्हाई गं बाय."

"मग या दोघांना तरी नेऊया ना!"

तिने त्यांचा हात धरला. दुसराही शूज काढून नाना अनवाणी पाण्यात गेले. पाणी असं नितळ, की काही म्हणजे काही लपत नव्हतं. ते खाली आपल्या पायांकडे बघत उभे राहिले. "कोमट हाय गं," एवढंच म्हणाले आणि रडायला लागले. मीही रडलो, खोटं कशाला सांगू?

परत आल्यावर आळंदीला गेलो. नाना सवयीने दाराशी थांबले.

"नाना, जा तुम्ही," मी म्हणालो. "आज चपला मी सांभाळतो."

ते जरा घुटमळले. मग वाकून लेस सोडायला लागले.