बिनगळतीचं मेंडोलिन

ती जाहिरात मासिकात आली होती की चण्यांच्या पुडीच्या कागदावर, हे जयदेव घरतांना आज नक्की आठवत नाही. साल सत्तावन्न असावं; अठ्ठावन्नही असू शकेल. (पत्नी जमुनाबाईंना विचारलं तर त्या सांगतील, पण त्या नुसतं साल सांगून थांबणार नाहीत, म्हणून ते विचारत नाहीत.) मजकूर मात्र अजून पाठ आहे : 'मेंडोलिन घरी बांधा. सुटे भाग पोस्टाने.'

जयदेव तेव्हा उरणच्या शाळेत इंग्रजी शिकवत. एम.ए. झाले होते, आणि त्या पदवीमुळे त्यांना प्रत्येक गोष्टीच्या दोन्ही बाजू एकदमच दिसू लागल्या होत्या. छत्री घ्यावी की न घ्यावी याचा साधकबाधक विचार करत ते दारात उभे राहत, तोवर पाऊस पडूनही जाई. पुस्तकांचं कपाट करायला म्हणून लग्नाच्या वर्षी आणलेली फळी अजून दारामागेच उभी होती. जमुनाबाई तिच्यावर टॉवेल वाळत घालत.

"तुमच्या हातून एक वस्तू पुरी झालेली मला बघायचीय," एकदा टॉवेल झटकत त्या म्हणाल्या. "एकच. मग डोळे मिटले तरी चालतील."

जयदेवांनी उत्तरादाखल ती जाहिरात पुढे केली. घाईघाईत घेतलेला त्यांच्या आयुष्यातला हा पहिला निर्णय. दुसऱ्याच दिवशी जमुनाबाई विहिरीवर बोलून गेल्या, "आमच्या गोजराच्या हळदीला आमचे हे मेंडोलिन वाजवणार. सोता बांधलेलं!" गोजरा म्हणजे त्यांची धाकटी बहीण. संध्याकाळपर्यंत ही बातमी त्यांच्या माहेरी करंज्याला पोचली, आणि तिथल्या भागीरथी आत्या नुसतं "बघू" म्हणाल्या. आत्यांच्या या एका शब्दावर यापूर्वी दोन सोयरिकी मोडल्या होत्या.

म्हणजे आता नुसत्या हौसेचा प्रश्न राहिला नव्हता. माहेरच्या मांडवात जमुनेचा शब्द खरा ठरणार की खोटा, असा प्रश्न होता.

विकणारे दोन होते. एक कलकत्त्याची कंपनी, ती गोल पाठीचं मेंडोलिन देई. दुसरं मुंबईत धोबीतलावाजवळचं दुकान, तिथे चपट्या पाठीचं मिळे. जयदेवांनी दोघांनाही पत्रं लिहून विचारलं, की खाडीच्या खाऱ्या वाऱ्यात लाकूड चिकटवायचा सरस टिकतो का, आणि टिकत असल्यास किती काळ. कलकत्त्याहून 'आपल्या ऑर्डरबद्दल आभारी आहोत' असं छापील कार्ड आलं. (ऑर्डर दिलेलीच नव्हती.) मुंबईहून काहीच आलं नाही, तेव्हा जयदेव मोरा बंदरातून लाँच पकडून स्वतःच दुकानात गेले.

"वाजवायला येतं?" दुकानदाराने विचारलं.

"अजून नाही."

"मग तयार घेऊन जा ना. समोर टांगलेत."

"मला स्वतः बांधायचंय."

"सुतारकाम येतं?"

"तसं नाही..."

"मग येतं काय?"

"मी एम.ए. आहे," जयदेव म्हणाले.

दुकानदाराने चष्मा काढून त्यांच्याकडे पाहिलं. "मास्तर, चपट्या पाठीचं न्या. सोपं आहे. गोल पाठ बांधायला जाल तर पस्तावाल."

एखाद्या साध्या माणसाने तेवढ्यावर चपटं उचललं असतं. जयदेव परतीच्या लाँचमध्ये विचार करत बसले. जो दुकानदार आपलाच माल 'सोपा' म्हणतो, त्या मालात काहीतरी कमी असणार. आणि कलकत्तेवाले न मागता आभार मानतात, म्हणजे त्यांना केवढा आत्मविश्वास! मोरा बंदर येईपर्यंत गोल पाठ ठरली.

पार्सल येईतो हात तयार असावा म्हणून त्यांनी ड्रॉइंगमास्तरांची जुनी सतार मागून आणली. दोन्ही वाद्यांना तारा असतात, या पायावर त्यांचा रियाज सुरू झाला. तिसऱ्या दिवशी शेजारच्या सुमित्राबाई कुंपणाशी आल्या.

"मास्तर, तुमचं झालं की हाक मारा. मंग मी म्हशीखाली बसते."

"का हो?"

"तुमी सुरू केलात की पान्हा चोरते ती."

जयदेवांनी जमुनाबाईंना विचारलं, "तुला कसं वाटतं?" जमुनाबाई बोलण्याआधी शब्द निवडू लागल्या. संसारात असं पहिल्यांदाच घडत होतं. मग त्या म्हणाल्या, "हात छान हलतो."

यथावकाश पोस्टमन कमळाकर खांद्यावर खोकं घेऊन आला. "मास्तर, आता जळाऊ लाकूड बी पोस्टाने मागवता?" खोक्यात वाकवलेल्या पातळ पट्ट्या होत्या, एक दांडी, आवाज घुमावा म्हणून मधोमध भोक पाडलेली वरची फळी, तारा आणि इंग्रजी माहितीपत्रक. जयदेवांनी माहितीपत्रक वाचलं. मग पुन्हा वाचलं, आणि त्यातल्या व्याकरणाच्या चुका लाल शाईने दुरुस्त केल्या. पट्ट्या तशाच राहिल्या. सरस आधी तापवावा की आधी पट्ट्या मांडून घ्याव्यात, यावर त्यांचं स्वतःशीच एकमत होईना.

गोजराची हळद आठवड्यावर आली, आणि नेमकं त्याच वेळी त्यांना परीक्षेच्या कामासाठी अलिबागला जावं लागलं.

"काही काळजी करू नकोस," पिशवी उचलताना ते म्हणाले. "आल्याबरोबर एका बैठकीत उरकतो."

जमुनाबाईंनी दारामागच्या फळीकडे एकदा पाहिलं आणि त्यांना निरोप दिला.

ते अलिबागहून परतले तेव्हा घराला कुलूप होतं. सुमित्राबाईंनी सांगितलं, "जमुना माहेरी गेली. तुमची लाकडं बी नेली." जयदेव तसेच करंज्याला धावले. सासरे देवजीबाबा अंगणातच भेटले. बाबांनी आयुष्यभर होड्या बांधल्या होत्या, आणि आपली एकही होडी गळली नाही हे ते भेटेल त्याला ऐकवत, होडीचा विषय नसला तरी.

"या जावाय! तुमची होडी तयार हाय."

"होडी?"

"तीच ती, तुमची वाजवायची. पाठ गोल, पट्ट्या वाकवलेल्या. होडी नाय तं काय? माज्यासाठी नवीन हाय काय ते?"

पट्ट्या सुरेख जुळल्या होत्या, ते कबूल करायलाच हवं. प्रत्येक सांध्यात कापूस ठोकून वर राळ भरली होती, आणि सगळ्यावर मुशी माशाच्या तेलाचा हात फिरवला होता. त्यामुळे मेंडोलिनला सुक्या मासळीच्या बाजाराचा वास येत होता. दांडीजवळ 'एकवीरा प्रसन्न' असं पांढऱ्या रंगात लिहिलं होतं. वरच्या फळीतल्या भोकात मात्र एक गोल तुकडा पक्का ठोकून बसवलेला होता.

"बाबा," जयदेव क्षीण आवाजात म्हणाले, "हे भोक..."

"बुजवला!" बाबा अभिमानाने म्हणाले. "फलीला येवढा भोक ठेवून कोन पान्यात घालतो?"

"पण पाण्यात घालायचं नाहीये ते!"

"घालून तं बघा!"

जयदेव काही बोलायच्या आत बाबा ते घेऊन बंदरावर पोचले होते. मागोमाग निम्मं करंजा गाव होतं. मेंडोलिन पाण्यात सोडलं, आणि ते मान वर काढून बदकासारखं तरंगू लागलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"येक थेंब आत नाय!" बाबा म्हणाले.

कमरेएवढ्या पाण्यात उतरून जयदेवांनी मेंडोलिन परत आणलं. भोकातला तुकडा काढावा, तर अख्खं वाद्य फुटलं असतं. शिवाय बाबांचा चेहरा इतका उजळला होता, की त्यांच्यादेखत पटाशी हातात घ्यायचं जयदेवांचं धाडस झालं नाही. त्यांनी तारा तेवढ्या चढवल्या आणि एक छेडली. ओल्या गोणपाटावर चिंच पडावी तेवढाच आवाज आला.

हळदीच्या संध्याकाळी जयदेव मांडवात बसले ते फाशीच्या तख्तावर बसल्यासारखे. समोर भागीरथी आत्या पान लावत होत्या. लग्नाची गाणी म्हणणाऱ्या काशीबाई धवलारणीने धवला उचलला, बायकांनी तिच्यामागे सूर धरला, धर्मा बाजेवाल्याच्या ताफ्याने ढोल सुरू केला, आणि जयदेवांनी डोळे मिटून हात चालवला.

थोड्या वेळाने त्यांच्या लक्षात आलं, की आपल्याकडे कोणी चमकून बघत नाहीये. ढोलाच्या दणक्यात सगळेच सूर, खरे आणि खोटे, एक झाले होते. मग त्यांना धीर आला. ते जोरात वाजवू लागले, मान डोलवू लागले. चुकीच्या ताराही त्यांनी पूर्ण आत्मविश्वासाने छेडल्या. जन्मात पहिल्यांदा ते दुसऱ्या बाजूचा विचार करत नव्हते.

"वाजवतो हो जमुनेचा नवरा!" भागीरथी आत्या पान तोंडात टाकत म्हणाल्या. "घाम बघ किती आलाय!"

जमुनाबाई हळदीचं ताट घेऊन उभ्या होत्या. त्यांनी जयदेवांकडे ज्या नजरेने पाहिलं, तशी नजर त्यांच्या एम.ए.च्या निकालालाही मिळाली नव्हती. त्या नजरेच्या जोरावर पुढच्या आठवड्यात दारामागच्या फळीचं कपाट झालं. जरा कलतं झालं, पण पुरं झालं. टॉवेलांना दुसरी जागा शोधावी लागली.

त्यानंतर कितीतरी वर्षं जयदेव हा किस्सा शिक्षकांच्या खोलीत सांगत आणि हशा मिळवत. किश्शात हास्यास्पद ठरत ते सासरे. मेंडोलिनचं भोक म्हणजे होडीतली गळती असं समजणारा भाबडा म्हातारा!

अडुसष्ट साली करंज्याच्या ओटीवर नव्या पाव्हण्यांना तो किस्सा रंगात येऊन सांगत असताना देवजीबाबा आतून बाहेर आले.

"जावाय, मी येडा हाय काय?" ते म्हणाले. "देवलातल्या वीन्याला भोपला कशाला असतो ता मना ठाव नाय? भोक ठेवूनच बांधलेला मी. जमुनी बोलली, बाबा, बुजवा."

एका साक्षीदारावर भिस्त ठेवायची नाही, ही जयदेवांची जुनी शिस्त. म्हणून घरी परतल्यावर त्यांनी खातरजमा करून घेतली. जमुनाबाई बोंबील निवडत होत्या. त्यांनी हात थांबवला नाही की मान वर केली नाही.

"मग मी काय करणार होते?" त्या म्हणाल्या. "तुम्हाला वाजवायची हौस होती. गावाला ऐकायची नव्हती."