एक गाणारी आणि बाकीची क्रिएटिव्ह टीम

कला मोठी व्हायची असेल तर ती करणाऱ्या माणसांपेक्षा तिच्याबद्दल विचार करणारी माणसं जास्त असावी लागतात. मोठ्या शहरांना ही गोष्ट केव्हाच कळली. रेवसच्या अलीकडे असलेल्या आमच्या खारबंदर गावाला ती यंदा कळली, आणि उशिरा कळूनही आम्ही बरीच कसर भरून काढली.

मी सागरसाद कला मंडळाचा प्रसिद्धी-संकल्पनाकार आहे. गेल्या वर्षापर्यंत मी मंडळाच्या फळ्यावर खडूने सूचना लिहायचो. काम आजही तेच आहे, फक्त आता त्याआधी थोडा वेळ लांब बघावं लागतं.

मंडळ दरवर्षी जेटीजवळच्या मैदानावर एक नाटक करतं. यंदा ते करू नये असं ऋत्विकचं म्हणणं पडलं. ऋत्विक आमच्याच गावचा. वाढला नेरूळला, पण शनिवार-रविवार इथल्या बंगल्यावर असतो. कंपनीने त्याला युरोपात नेलं होतं, तिथे त्याने ऑपेरा पाहिला. (मध्यंतरापर्यंत पाहिला, मग बस सुटायची होती. उरलेला त्याने बसमध्ये मनाने पूर्ण केला. दिग्दर्शक त्याच बसमध्ये जन्माला आला, असं तो मुलाखतीत सांगतो. मुलाखत मीच घेतली होती.)

"ऑपेरात कुणी बोलत नाही," त्याने सभेत समजावलं. "सगळं गातात. मीठ मागायचं असलं तरी गाऊन."

"आनि भांडायचं असलं तर?" धर्माजींनी विचारलं. धर्माजी मंडळाचे अध्यक्ष. स्वतःच्या दोन होड्या आहेत, आणि सभेत शेवटचा प्रश्न विचारायचा मान त्यांचा असतो.

"तेही गाऊनच."

धर्माजींनी मान डोलावली. ठराव सर्वानुमते मंजूर झाला.

नायिकेचा प्रश्न चहा येण्याआधी सुटला, कारण गावात गाणारी एकच, केसरकाकी. ती धवलारीण आहे. म्हणजे लग्नात हळदीला आणि मांडवाला धवले गायचे ते तिने. कुठल्या लेकीला कुठल्या घरी दिलं, हे तिच्या गाण्यात येतं. सकाळी ती अलिबागच्या बाजारात सुके बोंबील आणि जवळा विकते. तिचा आवाज रस्त्याच्या या टोकाकडून त्या टोकाला जातो आणि वाटेत कुणाला विचारत नाही.

पण मग लग्नात डीजे आला. लोक आधी डीजे आणि काकी दोघांनाही बोलवायचे, पुढे काकीला फक्त जेवायला बोलवू लागले. खुद्द तिच्या लेकीच्या, साक्षीच्या हळदीला काकीने धवल्याची पहिली ओळ उचलली, तेवढ्यात डीजेवाल्याने माइकवर "चेक, चेक" म्हटलं. साक्षी हसली. तिच्या मैत्रिणी हसल्या. काकी ओळ तिथेच सोडून भात शिजला का बघायला आत गेली. त्यानंतर ती चारचौघांत गायली नव्हती.

ऋत्विक विचारायला गेला तेव्हा मीही सोबत होतो. काकी बोंबील निवडत होती.

"काकी, नायिका तूच. शेवटी लेकीची पाठवणी आहे, तिथे तुझा धवला."

काकीने वर पाहिलं नाही. "साक्षी येल का बगाया?"

"बोलवू की तिला."

"तिला आन. मंग गातंय."

साक्षी न्हावा शेव्याला कंटेनरच्या ऑफिसात आहे. संध्याकाळची पाळी असते. तिने फोनवर सांगितलं की दुपारचा प्रयोग असेल तर येते, पण पाळीला जायला वेळेवर निघावं लागेल. मुंबईहून येणाऱ्या प्रमुख पाहुण्यांनाही रेवसहून शेवटची लाँच पकडायची होती. म्हणून प्रयोग दुपारी चारला ठरला. इथवर सगळं एखाद्या मागासलेल्या मंडळासारखं सरळ चाललं होतं.

मग क्रिएटिव्ह टीम तयार झाली.

सुरुवातीला टीममध्ये ऋत्विक एकटाच होता. त्याला एकटं वाटू लागल्यावर त्याने मृणालला आणलं. मृणालचं किहीमला दुसरं घर आहे. तिचा विषय शांतता. गाण्याच्या दोन ओळींमध्ये जी जागा असते ती रिकामी नसते, तिचीही रचना करावी लागते, असं तिने तालमीत सांगितलं. धर्माजींना ते इतकं पटलं की ते बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि मृणालने त्यांच्याकडे बोट दाखवून म्हटलं, "हे बघा, ही." तिला शांतता-संकल्पनाकार नेमलं.

शांततेत बेंजो बसेना. आमचा हर्षद बेंजो वाजवतो. लग्नाच्या वराती त्याच्याशिवाय निघत नाहीत. त्याला वाईट वाटू नये म्हणून त्याला ध्वनी-सल्लागार केलं. सल्लागाराने वाजवायचं नसतं. पुढच्या तालमीपासून तो हाताची घडी घालून बसू लागला आणि अधूनमधून "इथे कमी" असं म्हणू लागला. तिथे आधीच काही नव्हतं.

हे पाहून ऑपेरात नावाडी झालेल्या आठ जणांना आपण नुसतंच नाचतोय असं वाटायला लागलं. त्यांनी रीतसर मागणी केली, आणि त्यांचा आठ जणांचा हालचाल-अभ्यास गट करण्यात आला. नायक झालेल्या पोराने तर स्वतःच सुचवलं की नायक दिसण्यापेक्षा जाणवावा. त्याच्या जागी निळा दिवा लावायचं ठरलं. तो नायक-विषयक मार्गदर्शक झाला. पडदा ओढणाऱ्याला अवकाश-नियोजक केलं. चहा आणणाऱ्या बुधाजींनी मात्र चहाच आणतो म्हणून सांगितलं. त्यांच्या विचारांची कक्षा मर्यादित असल्याची नोंद झाली.

प्रयोगाच्या आदल्या आठवड्यात टीम एकतीस जणांची झाली होती आणि रंगमंचावर केसरकाकी होती. प्रगत देशांत हे प्रमाण काय असतं मला माहीत नाही, पण आपण मागे नसू.

काकीला याचा त्रास झाला नाही असं नाही. तिने एकदा विचारलं, "बाला, मी गातंय कवा?"

"काकी, आधी आपण तुझ्या गाण्याकडे कसं बघायचं ते ठरवतोय."

"बगायचं न्हाय रं, आयकायचं हाय."

ऋत्विकला हे वाक्य फार आवडलं. त्याने ते जाहिरातफलकावर स्वतःच्या फोटोखाली घ्यायला सांगितलं. मी घेतलं.

प्रयोगाच्या दिवशी मैदान भरलं. बाया पुढे, पुरुष मागे, आणि टीम सगळ्यात पुढे सोफ्यांवर. साक्षी तिसऱ्या रांगेत बसली होती, ऑफिसच्याच कपड्यांत, पर्स मांडीवर. पडद्याआडून काकीने फट करून तिला पाहिलं आणि फट मिटली. काकी नऊवारीत होती. डोक्यात अबोलीचा गजरा होता. हात गार पडलेत म्हणून बुधाजींनी दिलेला चहाचा पेला ती नुसताच धरून उभी होती.

आधी सत्कार होते. ही पद्धत आहे आणि ती योग्यच आहे. प्रेक्षक ताजेतवाने असताना त्यांना महत्त्वाची माणसं दाखवावीत, नाटक मग थकल्यावरही चालतं. प्रत्येकाला शाल, नारळ, आणि दोन शब्द बोलायची विनंती. ऋत्विक बोलताना बसपर्यंत आला आणि बसमध्ये बराच वेळ राहिला. हर्षदने "कमी" या विषयावर जास्त सांगितलं. हालचाल-अभ्यास गटातले आठही जण एकेक करून चालत आले आणि प्रत्येकाने आपण कसे चाललो ते समजावलं. उन्हं जेटीवरून खाली उतरली. प्रमुख पाहुण्यांनी दोनदा घड्याळ पाहिलं. सूत्रसंचालन माझ्याकडे होतं, त्यामुळे कुणाचंही नाव गळणार नाही याची मी जातीने काळजी घेत होतो.

मृणालचं नाव पुकारलं तेव्हा तिसऱ्या रांगेत साक्षी उठली. तिने पर्स खांद्याला लावली, पडद्याकडे एकदा बघितलं, आणि वाकून, लोकांच्या गुडघ्यांमधून वाट काढत निघाली.

ते मला दिसलं. फटीतून काकीलाही दिसलं.

काकीने चहाचा पेला बुधाजींच्या हातात दिला आणि सरळ रंगमंचावर आली. धर्माजी मृणालला नारळ देत होते. काकी त्यांच्या दोघांच्या मध्ये उभी राहिली आणि धवल्याच्या चालीवर तिने आवाज लावला:

"धर्माजीदादा रं, नारल खाली ठेवा, माजी लेक निंगाली, तिला माघारी बोलवा."

माइक माझ्या हातात होता. तो लागला नाही.

साक्षी रांगेच्या टोकाला थबकली. धर्माजी गोंधळले, पण सभेतला ठराव त्यांच्या पक्का लक्षात होता. ऑपेरा सुरू झाला असेल तर बोलणं नियमबाह्य होतं. त्यांनी घसा खाकरला आणि दर्यावर हाका मारायच्या आवाजात ते गायले:

"केसर गो, यादी संपली न्हाय, अजून हायेत बारा."

"बारांना बसवा सोफ्याव, त्यांना घाला वारा," काकीने तिथल्या तिथे जोडलं.

बाया हसून एकमेकींवर पडल्या. मागून शिट्ट्या आल्या. ऋत्विक सोफ्यावरून उठून पुढे आला आणि हात जोडून म्हणाला, "काकी, प्लीज, असं नाही आपलं ठरलेलं."

"बोलू नको, गा!" मागून कुणीतरी ओरडलं. लगेच सगळं मैदान म्हणू लागलं, गा, गा.

ऋत्विकने इकडेतिकडे पाहिलं. मग आमच्या दिग्दर्शकाने आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत गायलं. आवाज बारीक होता आणि पट्टी कुठली ते त्यालाही माहीत नव्हतं. पण तो मनापासून गायला की सगळं चुकलंय, निळा दिवा लागलाच नाही, त्याला घरी जायचंय. हर्षदला राहवलं नाही. तो सल्लागारपद सोफ्यावर सोडून बेंजो आणायला पळाला. नावाड्यांचे पाय आपोआप हलायला लागले. मृणाल तेवढी नारळ धरून मध्ये उभी होती, एक अक्षर न काढता. टीममध्ये आपलं नेमलेलं काम चोख करणारी ती एकटीच.

काकी मात्र आता कुणाकडे बघत नव्हती. ती रंगमंचाच्या कडेला आली. बेंजो आपसूक हळू झाला.

"हलद लागली गो साक्षीला, हलद लागली. आयेची नजर गो वाटंला, तिथंच थांबली."

ही तीच ओळ होती, हळदीच्या दिवशी अर्धवट राहिलेली. पुढच्या ओळी तेव्हा कुणी ऐकल्याच नव्हत्या. त्यांत साक्षी लहानपणी ओटीवर झोपायची ते होतं, तिच्या शाळेची वाट होती, तिला दिलेलं घर होतं. पुढच्या बायांनी ओळ उचलली आणि ती मागे मागे जात पार जेटीपर्यंत गेली. साक्षी खांद्याची पर्स काढून मातीतच बसली. तिने फोन काढला. मला वाटलं, रेकॉर्ड करतेय. तिने तो बंद केला आणि पर्समध्ये टाकला.

गाणं संपल्यावर ती रंगमंचाजवळ आली. काकी वाकली.

"आये, तेव्हा मी हसले होते," साक्षी म्हणाली.

"म्हाईत हाय. तुजी पाली?"

"जाऊ दे पाली. परत म्हण."

काकीने परत म्हटलं. प्रमुख पाहुण्यांची लाँच गेली. ते त्या रात्री धर्माजींकडे राहिले आणि बोंबील खाऊन खूश झाले, असं कळतं.

प्रयोग कमालीचा यशस्वी झाला. दुसऱ्या दिवशी मी वृत्त पाठवलं. त्यात ऋत्विकच्या उत्स्फूर्त रचनेचा, मृणालच्या शांततेचा आणि धर्माजींच्या द्रष्टेपणाचा यथोचित उल्लेख होता. एकतीसही नावं छापून आली. केसरकाकीचंही आलं असतं, पण जागा कमी पडल्याने ती "आणि इतर"मध्ये आली. मी कात्रण घेऊन तिच्याकडे गेलो. तिने ते पाहिलं, चांगला जाड कागद आहे म्हणाली आणि त्यात मला पाव किलो जवळा बांधून दिला.

पुढच्या वर्षीच्या ऑपेराची बोलणी परवा सुरू झाली. टीम आता चाळीसवर गेली आहे. बुधाजीही आलेत, चहा-दृष्टिकोन बघतात. अडचण एकच आहे. केसरकाकी येत नाही म्हणते. त्या दिवसापासून तिला गावोगावची लग्नं लागली आहेत. डीजेवाले तिचा धवला होईपर्यंत बाजूला उभे राहतात. मेपर्यंत तिला दिवस मोकळा नाही.

सबब, मंडळाला एक गाणारं माणूस हवं आहे. बाकी सर्व जागा भरल्या आहेत. वाचकांपैकी कुणाला गाता येत असेल तर कळवावं.

पण आमचा अनुभव असा की हे वाचताना तुम्हाला गाण्याचा विचार सुचला नसेल. प्रयोग खरं तर कसा बसवायला हवा होता, सत्कार कुठे आटपायला हवे होते, आणि ही गोष्टही थोडी आखूड करता आली असती, अशा दोन-तीन सूचना मात्र सुचल्या असतील. त्या जपून ठेवा. पुढची तालीम रविवारी आहे. सोफ्यावर सरकून बसलो तर तुमच्यापुरती जागा होते.