चिंचखेड्याचा गोळा आणि खोटी मालगाडी

"लिहून घे, रामकिसन," दाजी म्हणाले. "गुप्तहेर काकासाहेब वाघचौरे. मराठवाड्यातले पहिले आणि तूर्तास शेवटचे. नजर घारीची, कान सशाचे, स्मरणशक्ती... मी काय सांगत होतो?"

"स्मरणशक्ती."

"हां. अफाट."

मी लिहून घेतलं. अकरा वर्षं मी हेच लिहून घेत आलो होतो. काकासाहेब म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणून माझे दाजी. औरंगाबादला गुलमंडीच्या मागं एका जिन्यावर त्यांचं ऑफिस होतं आणि खाली रस्त्यावर चार फुटी पाटी: 'गुप्त कार्यालय. वर या.' शेजारी बाणही होता. आक्कानं मला त्यांचा मदतनीस नेमलं होतं आणि काम एकच दिलं होतं, त्यांना कुणाचा मार बसू द्यायचा नाही. अकरा वर्षांत दोनदाच बसला, आणि दोन्ही वेळा मी रजेवर होतो.

साल साठ-एकसष्ट असेल. खंडेनवमीची सकाळ होती. चिंचखेड्याच्या पाटलांची हरवलेली म्हैस शोधून आम्ही औरंगाबादला परतत होतो. म्हैस आपली आपण घरी आली होती, पण तिला परत यावंसं वाटावं अशी परिस्थिती आपण निर्माण केली, असं दाजींचं म्हणणं होतं. साडेआठची पॅसेंजर पकडायला आम्ही चिंचखेडा स्टेशनवर येऊन बसलो. एकेरी रूळ, एक बाजूची लाईन, एक कडुलिंब, एक स्टेशन मास्तर आणि एक पोर्टर, एवढंच ते स्टेशन.

मास्तर अनंतराव सज्जन माणूस. ऑफिसातल्या भिंतीलगत त्यांच्या घरच्यांनी खंडेनवमीची पूजा मांडली होती. पाटावर लाल कापड, त्यावर हिरवं निशाण, लाल निशाण, कंदील, शिट्टी, तिकिटांवर तारीख मारायचं यंत्र, आणि वर झेंडूच्या फुलांचा हा ढीग. आपापल्या पोटापाण्याचं हत्यार त्या दिवशी पुजायचं, आणि एकदा पुजलं की दसऱ्याच्या सकाळपर्यंत हलवायचं नाही. ते पाहून दाजींना भरून आलं. त्यांनी खिशातून भिंग काढलं, "हे आमचं हत्यार," म्हणत हळदीचं बोट लावून झेंडूच्या ढिगाशेजारी टेकवलं, डोळे मिटून हात जोडले आणि बाहेर येऊन बाकावर बसले.

साडेआठ वाजले, नऊ वाजले, गाडी येईना. बाजूच्या लाईनीवर सव्वाआठला मागच्या लासूर स्टेशनाकडून आलेली मालगाडी तेवढी धूर सोडत उभी होती. मग आतून अनंतरावांचा आवाज आला. आवाज कसला, माणूस खाली बसताना जो निघतो तो. दाजींचे सशाचे कान टवकारले. "रामकिसन, गुन्हा," ते म्हणाले, आणि आम्ही आत घुसलो.

गोळा हरवला होता.

गोळा म्हणजे काय ते आम्हाला पोर्टर बद्रीनाथनं सांगितलं. चाळिशीचा, बारीक अंगाचा, सतरा वर्षं त्याच स्टेशनावर काढलेला माणूस. एकेरी रुळावर समोरासमोर दोन गाड्या येऊ नयेत म्हणून ही तजवीज. ड्रायव्हरच्या हातात त्या टापूचा पोलादी गोळा असल्याशिवाय त्यानं गाडी हलवायची नाही. पुढच्या स्टेशनात पोचलं की गोळा द्यायचा. मास्तर तो यंत्रात टाकतो, तेव्हा कुठं मागच्या स्टेशनच्या यंत्रातून दुसरा गोळा निघतो. तोवर ते कुलूपबंद.

"डायवर बी मानूसच हाय, सायेब," बद्रीनाथ म्हणाला. "रातभर जागलेला आसंल, इसरला आसंल, घरचं कायी डोक्यात आसंल. चुकनारच. म्हून त्येच्यावर सोडलंच नाय. हातात गोळा नाय तर गाडी नाय."

मालगाडीचा गोळा त्यानंच ड्रायव्हरकडून घेतला होता, पिशवीसकट मास्तरांच्या टेबलावर ठेवला होता, आणि लगेच रुळांचे सांधे बदलायला पळाला होता. अनंतराव तेव्हा बाहेर गार्डाशी कागदांवरून हुज्जत घालत होते. नऊ वाजता आत आले तर खिळ्याला रिकामी पिशवी. आणि आता पॅसेंजर लासूरला अडकून पडली होती, कारण गोळा यंत्रात पडला नव्हता, म्हणजे यंत्राच्या हिशेबी ती मालगाडी अजून वाटेतच होती.

अनंतराव कपाळ धरून म्हणाले की साडेदहापर्यंत गोळा मिळाला नाही तर गाड्या चालवणाऱ्या कंट्रोल ऑफिसला 'हरवला' म्हणून कळवावं लागेल. मग लेखी परवान्यावर गाड्या सुटतील खऱ्या, पण गोळा शेवटचा ज्याच्या हातात होता त्याला तडकाफडकी घरी बसवतील. नोकरी गेली की रुळापलीकडची रेल्वेनं दिलेली दोन खोल्यांची जागाही गेली. बद्रीनाथनं छातीवरचा पितळी बिल्ला काढून आधीच टेबलावर ठेवला होता.

दाजींनी पहिला हुकूम सोडला: कमालीची गुप्तता. या खोलीतल्या चौघांखेरीज कुणालाही कळता कामा नये, घरच्या बायकांना तर मुळीच नाही, त्या उगीच घाबरतात. बद्रीनाथला ते पटलं, कारण त्याला बायकोला सांगायचा धीरच नव्हता. दुसरा हुकूम, भिंग. मग आठवलं की भिंग पूजेत आहे. दाजींनी हळहळून त्या झेंडूच्या ढिगाकडे पाहिलं. "हरकत नाही," ते म्हणाले. "नुसत्या बुद्धीनं करू."

मी पेन्सिलीला टोक काढायला घेतलं.

"यंत्र खोटं बोलतं का?" दाजींनी विचारलं.

"सतरा वर्सात नाय."

"यंत्र म्हणतं मालगाडी वाटेत आहे. यंत्र खोटं बोलत नाही. म्हणजे मालगाडी वाटेतच आहे." ते खिडकीशी गेले आणि मालगाडीकडे बोट करत हळूच म्हणाले, "मग ही कोण?"

अनंतरावांनी माझ्याकडे पाहिलं. मी वहीत डोकं घातलं.

दाजी तडक इंजिनापाशी गेले. ड्रायव्हर गफूरभाई, पांढऱ्या दाढीचे, पायरीवर चहा पीत बसले होते. दाजींनी त्यांना सुनावलं की तोतया माणूस पुष्कळ पाहिला, तोतया मालगाडी आज पहिल्यांदाच पाहतोय. तुमची गाडी खरी कशावरून?

गफूरभाईंनी शांतपणे घोट संपवला. "हात लगा के देखो मियां," ते म्हणाले. "गरम है."

दाजींनी बॉयलरला हात लावला. गाडी खरी निघाली. उजव्या हाताच्या दोन बोटांना मी फडकं बांधून दिलं, आणि पहिला तर्क तिथंच थंड झाला.

दुसऱ्या तर्काला सीताफळं कारणीभूत. फलाटावर दगडाबाई नावाची म्हातारी टोपलीभर सीताफळं घेऊन पॅसेंजरची वाट बघत बसली होती. दाजी तिच्यासमोरच म्हणाले की गोळ्यासारखी गोल वस्तू लपवायची तर गोल वस्तूंतच लपवणार. हे मलासुद्धा पटण्यासारखं होतं, पण मग त्यांनी एकेक सीताफळ फोडून पाहायला सुरुवात केली. फोडलेलं फळ विकलं जाणार नाही, म्हातारीचं नुकसान नको म्हणून ते खाऊ लागले. सातव्या फळाला दगडाबाईनं त्यांचं मनगट धरलं.

"तुजा गोळा घावला का?"

"तपास चालू आहे, आजी."

"बिया थुंकायच्या का नाय ते तरी ठरीव," ती म्हणाली आणि टोपली उचलून कडुलिंबापलीकडं जाऊन बसली.

दहा वाजून पाच मिनिटं झाली होती. आम्ही ऑफिस उलटंपालटं केलं. कपाट, पेटी, कोळशाची बादली, रांजण, मास्तरांची टोपी. दाजी पालथे पडून टेबलाखाली शिरले आणि बाहेर येताना त्यांनी यंत्रालाच डोकं आपटून घेतलं. पूजेकडे कुणी वळलं नाही. मांडलेली पूजा हलवायची नसते, हे चौघांनाही इतकं पक्कं ठाऊक होतं की तिकडे शोधायचं असतं हेच मनात आलं नाही. उलट जाता-येता प्रत्येकजण तिच्यासमोर हात जोडून 'गोळा सापडू दे' म्हणत होता. अनंतरावांनी तर दोन फुलं जास्तीची वाहिली.

मग दाजींनी तिसरा तर्क काढला, आणि मला तो आजही आवडत नाही. ते बद्रीनाथसमोर उभे राहिले आणि त्याचा हात धरून वर केला. अंगठ्याला आणि शेजारच्या बोटाला हळद लागली होती.

"हळद," दाजी म्हणाले. "हळद कधी लावतात? जखमेवर. जखम कशानं झाली? जड वस्तू लपवताना. बद्रीनाथ, गोळा कुठं पुरलास?"

"सायेब, सक्काळी पुजेला हळद लावली, त्येची हाय."

"सगळे असंच म्हणतात."

"समद्यांनीच पूजा केली की सायेब," बद्रीनाथ म्हणाला. "तुमच्या बोटाला बी हाय."

दाजींनी फडकं बांधलेला हात मागं लपवला. मी पहिल्यांदाच बोललो. म्हणालो, दाजी, पुरे आता. त्यांना ऐकू गेलं नाही, किंवा गेलं असेल. ते आरोपीचा कबुलीजबाब लिहून घे म्हणाले. मी पेन्सिलचं टोक मोडलं.

दहा वाजून वीस मिनिटांनी दारात बद्रीनाथची बायको उभी राहिली. सरूबाई तिचं नाव. हातात नैवेद्याचं ताट, वर पान झाकलेलं. तिनं पहिल्यांदा टेबलावरचा बिल्ला पाहिला, मग नवऱ्याचं तोंड पाहिलं.

"काय झालं ओ?"

दाजींनी गुप्ततेची खूण म्हणून ओठांवर बोट ठेवलं. पण बद्रीनाथचा धीर सुटला होता. त्यानं एका दमात सांगून टाकलं, गोळा हरवला, नोकरी चालली, जागा चालली.

सरूबाईनं ताट खाली ठेवलं. "कुटं हरावला? पुजंत हाय की."

तिनं झेंडूचा ढीग दोन्ही हातांनी बाजूला केला. मधोमध, दाजींच्या भिंगापासून चार बोटांवर, तो गोळा बसला होता. लख्ख घासलेला, हळदीकुंकवानं माखलेला, डोक्यावर अक्षता घेऊन.

झालं होतं ते इतकंच. पूजा मांडताना मास्तरीणबाईंनी, म्हणजे यमुनाबाईंनी, टेबलावरच्या पिशवीतला गोळा पाहून विचारलं की हे काय असतं. सरूबाईनं सतरा वर्षं नवऱ्याकडून ऐकलेलं सांगितलं, ह्याच्याबिगर गाडी हालत नाय. यमुनाबाई म्हणाल्या, मग आधी याची पूजा. सरूबाईनं तो चिंचेनं घासून दिला, यमुनाबाईंनी मधोमध बसवला, रिकामी पिशवी नीट खिळ्याला अडकवली, आणि दोघी पुरण वाटायला घरी गेल्या. दोन तास त्यांना कुणी काही विचारलंच नव्हतं.

अनंतराव गोळ्यावर झडप घालणार तोच दारातून यमुनाबाईंचा आवाज आला. "अहो, हात लावू नका. उद्या सकाळपर्यंत पूजा हलत नाही."

"अगं, नियमाप्रमाणे तो यंत्रात..."

"नियम मलाही आहेत. तुमचे छापलेले असतात, एवढंच."

घड्याळात दहा पंचवीस. दाजींनी शास्त्राधार काढायला तोंड उघडलं, ते मी सरळ हातानं बंद केलं. तेव्हा बद्रीनाथ पुढं झाला आणि हात जोडून म्हणाला, "बाईसाहेब, लासूरला दोनशे मान्सं उन्हात बसल्यात. सनाला घरी निगालेली. ह्यो जाग्यावर गेल्याबिगर त्येंना कुनीच सोडनार नाय."

यमुनाबाई क्षणभर गोळ्याकडे पाहत राहिल्या. मग खाली बसल्या, चिमूटभर अक्षता त्याच्यावर टाकल्या, आणि लेकराला झोपेतून उठवावं तसं म्हणाल्या, "ऊठ बाबा. तुला आज सुट्टी नाही." गोळा पदरानं पुसून त्यांनी नवऱ्याच्या हातात दिला.

अनंतरावांनी तो यंत्रात सोडला. आत कुठंतरी खडखड करत तो घरंगळला. टण टण घंटा वाजली, लासूरचं उत्तर आलं. यंत्राला अखेर मालगाडी पोचल्याचं पटलं.

"म्हणजे ती मालगाडी खरीच आहे," दाजी म्हणाले.

लगेच कंट्रोलचा फोन वाजला. उशिराचं कारण द्यायचं होतं. दाजी कानाशी लागले की पोर्टरच्या बायकोनं गोळा हलवला असं सांगा, ते तंतोतंत खरं आहे. अनंतरावांनी त्यांना बाजूला केलं आणि फोनवर स्वच्छ सांगितलं: गोळा आला त्या क्षणी हातात घेऊन यंत्रात टाकणं माझं काम होतं. ते मी केलं नाही. तो पूजेत गेला. पोर्टरचा यात संबंध नाही.

पलीकडचा आवाज आम्हालाही ऐकू आला. "गाडी कुठं होती, मास्तर?"

"लासूरलाच उभी होती."

"मग यंत्रानं आपलं काम केलं. जबाब तुमच्या नावानं लिहून पाठवा." फोन बंद झाला.

बद्रीनाथ उंबऱ्यावरच बसला आणि रडला. सगळ्यांसमोर, न लाजता रडला. सरूबाईनं त्याला थोडा वेळ रडू दिलं, मग म्हणाली, उठा, सिग्नल पाडायचाय. तो उठला, बिल्ला लावला आणि गेला.

गाडी यायच्या आधी दाजी त्याच्याकडे गेले. मीही मागोमाग गेलो, नेहमीच्याच भीतीनं. पण दाजी फडक्यातला हात पुढं करून म्हणाले, "बद्रीनाथ, तुझ्यावर शक घेतला. चुकलं माझं." अकरा वर्षांत हे वाक्य मी एकदाही लिहून घेतलं नव्हतं.

बद्रीनाथनं त्यांचा भाजलेला हात जपून हातात घेतला. "शक तर त्ये यंत्र बी घेतंय, सायेब. रोज घेतंय, डायवरवर, मास्तरवर, माज्यावर. समदे चुकनार आसं धरूनच चालतंय त्ये. पर त्ये मानूस धरत नाय. नुसती गाडी थांबवतं."

पॅसेंजर आली. भिंग पूजेतच ठेवून आम्ही चढलो. दौलताबाद येईपर्यंत दाजी फडक्यातल्या बोटांकडे पाहत बसले, आणि मी वही उघडली नाही.