वय आठ दिवस, दात नाहीत

"नाव कागदावर कळत नाही, ते हाकेत कळतं," असं मी त्या सकाळी बायकोला ठणकावून सांगितलं आणि तरातरा घराबाहेर पडलो. पुढचा सगळा गोंधळ या एका वाक्यानं केला. (वाक्य माझंच होतं. तरातरा निघण्याच्या नादात डबा घरी विसरला, तोही माझाच.)

मी बसस्टँडवर घोषणा करतो. "फलाट क्रमांक तीनवरील गाडी दोनच मिनिटांत सुटत आहे," असं ऐकून तुम्ही जिवाच्या आकांतानं धावता आणि मग गाडी अर्धा तास जागची हलत नाही, तेव्हा ज्याला तुम्ही शिव्या घालता तो मी. चौकशी खिडकीच्या आत, माईकसमोर, तीस वर्षं. घोषणा दोनदा करायची हा आमचा नियम आहे. पहिल्यांदा माणूस नुसता दचकतो, ऐकतो ते दुसऱ्यांदा. या नियमाची मला इतकी सवय लागलीय की घरीही मी "चहा दे, चहा दे" म्हणतो. बायको म्हणते, "एकदा सांगितलेलं कळतं मला. देत नाही, ही गोष्ट वेगळी."

तर आमच्या लेकीला मुलगी झाली. नऊ तासांच्या प्रवासाइतक्या लांबच्या शहरात. आम्ही लगेच जाणार होतो, पण माझा बदली माणूस नेमका कावीळ होऊन घरी पडला आणि साहेबांनी रजा नाकारली. बायको म्हणाली, "जाऊ तर दोघं जाऊ." म्हणजे जाणं राहिलंच. नात आम्ही पाहिली ती फोनमध्ये, आणि फोनमध्ये ती कायम झोपलेली, नाहीतर कॅमेऱ्यावर लेकीचा अंगठा. तो अंगठासुद्धा मी दहा-दहा मिनिटं बघत बसायचो. काय करणार, जीव तुटायचा.

अशात जावयाचा फोन आला. "बाबा, नोंदणीचा फॉर्म भरायचाय. जुनं, छान नाव ठेवायचंय आम्हाला. तुम्ही आणि आई मिळून ठरवा. उद्या बारापर्यंत कळवा."

त्या भल्या माणसाला वाटलं, आपण सासूसासऱ्यांचा मान ठेवला. खरं तर त्यानं आमच्या घरात पेटती काडी टाकली.

"वत्सला," बायको म्हणाली.

"कुमुद," मी म्हणालो.

वत्सला हे माझ्या सासूबाईंचं नाव. बाई देवमाणूस, पण करारी. त्यांचं नाव निघालं की मी अजून खुर्चीतून उठून उभा राहतो.

"अगं, उद्या पोरीनं दूध सांडलं तर रागवायचं कसं? 'वत्सला, काय केलंस हे?' असं म्हणायची माझी छाती होईल का?"

"नका रागावू. तेवढंच पोरीचं भलं." मग पदराशी चाळा करत म्हणाली, "माझ्या आईचं नाव आता कुणाच्या तोंडात नाही हो. परवा मीच मोठ्यानं म्हणून बघितलं, तर परकं वाटलं मला. वत्सला म्हणून हाक मारली की घरातून कुणीतरी ओ द्यावी, एवढंच वाटतं."

मी चष्मा पुसत बसलो. कारण माझंही दुखणं तेच होतं.

कुमुद ही माझी ताई. माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. आईपेक्षा तिनंच मला जास्त वाढवलं. मला ही नोकरी लागली तेव्हा ती स्टँडवर आली, फलाट तीनच्या बाकावर तासभर बसली आणि एकाही गाडीत न चढता घरी गेली. म्हणाली, "तुझा आवाज ऐकायला आले होते. 'कृपया' फार छान म्हणतोस." पुढे कुठं जायचं असलं की ती तासभर आधी यायची आणि त्या बाकावर बसायची. तिला जाऊन अकरा वर्षं झाली. अजूनही घोषणा करताना मी फलाट तीनकडेच बघतो. (तिथं बहुतेक वेळा कुणीतरी तोंड उघडं टाकून झोपलेलं असतं. तरी बघतो.) आणि गंमत अशी की मी तिला जन्मात कधी कुमुद म्हटलं नाही. धाकट्या भावानं म्हणायचं नसतं. ताईच म्हणायचो.

असो. हाकेची परीक्षा घ्यायचं ठरलं होतं. हाक मारायला आमच्याइतकं झकास यंत्र शहरात दुसरं नाही. अकरा भोंगे. पावणेअकराची गाडी गेली की दहा मिनिटं स्टँड शांत असतं. ती वेळ साधून मी माईक सुरू केला. दोन्ही नावं नुसती उच्चारायची, कानाला कशी लागतात बघायचं आणि बटण बंद करायचं, एवढाच बेत होता.

पण तीस वर्षांची जीभ ती! या जिभेनं माईकवर मुलींची नावं घेतली ती फक्त हरवल्यावर. मी म्हणालो, "कुमुद..." आणि पुढचं सगळं आपोआप बाहेर पडलं.

"कुमुद, वय आठ दिवस, जिथे असशील तिथून चौकशी खिडकीजवळ ये. तुझ्या घरची माणसं तुझी वाट पाहत आहेत."

नियमाप्रमाणे दोनदा. दुसऱ्यांदा "वाट पाहत आहेत" म्हणताना माझा आवाज फाटला. डोळे फलाट तीनवर होते ना. अकरा वर्षं मला हेच म्हणायचं होतं, असं माझ्या तेव्हा लक्षात आलं.

शहाणा माणूस इथं थांबला असता. मी न्यायप्रिय आहे. एका नावाला संधी दिली, तर दुसऱ्यालाही द्यायला नको का? म्हणून लगोलग म्हणालो, "वत्सला, वय आठ दिवस, जिथे असशील तिथून चौकशी खिडकीजवळ ये." (वाट पाहत आहेत, हे गाळलं. न्यायप्रियतेलाही मर्यादा असतात.)

बटण बंद केलं आणि बाहेर बघितलं. सगळं स्टँड उभं राहिलं होतं.

"जुळ्या! जुळ्या हरवल्या!" कुणीतरी ओरडलं.

वॉचमननं धावत जाऊन फाटक लावलं. बारा गाड्या आत अडकल्या आणि बाराही ड्रायव्हरांनी हॉर्नवर हात ठेवला. कडेवर मूल असलेल्या प्रत्येक बाईभोवती घोळका जमला. एका गृहस्थानं टॉवेलात गुंडाळलेलं गाठोडं छातीशी धरलं होतं, त्याला चौघांनी पकडून माझ्यासमोर आणलं. टॉवेलात टेबलफॅन निघाला. तेवढ्यात साहेब आले.

"वर्णन सांगा! वर्णन!"

मला तेव्हाच खरं सांगून टाकता आलं असतं. पण साहेब समोर आले की मी विचारलेल्या प्रश्नाचंच उत्तर देतो. "डोक्यावर केस थोडे. दात नाहीत. सारखी झोपलेली असते."

वॉचमननं एकदा साहेबांकडे बघितलं आणि घाईघाईनं मान खाली घातली.

"आणि आठ दिवसांचं पोर खिडकीजवळ चालत कसं येणार हो?" साहेबांनी विचारलं.

"तोच प्रश्न मला पडलाय, साहेब," मी म्हणालो, आणि मग रडत-कढत सगळं सांगितलं. नात, फॉर्म, दोन नावं, हाकेची परीक्षा. ऐकता ऐकता साहेबांचा चेहरा रंग बदलत गेला. "तुमचं लेखी बघतो," एवढंच बोलून ते फाटक उघडायला धावले.

मी कपाळाला हात लावून बसलो, तोच खिडकीवर टकटक झाली. सत्तरी उलटलेल्या एक आजी उभ्या होत्या. हातात कापडी पिशवी, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. धाप लागली होती, पण चेहरा नुसता फुललेला.

"मी कुमुद," त्या म्हणाल्या. "कोण आलंय माझं?"

"आजी, ती घोषणा आठ दिवसांच्या मुलीसाठी होती."

"ते ऐकलं मी. म्हटलं, वय सांगताना चुकले असतील. नाव तर माझंच आहे." त्यांनी माझ्या मागं डोकावून बघितलं. "घरची माणसं कुठायत?"

तीनतीनशे माणसांना मी गाडी रद्द झाल्याचं सांगितलंय आणि वर निवांत चहा प्यायलोय. पण या एका बाईला "कुणी नाही" असं सांगायला माझी जीभ वळेना.

"मी आहे ना," मी म्हणालो. "आत या. बसा."

त्या स्टुलावर बसल्या. माझ्याकडे नीट बघितलं. "तुम्ही कोण?"

"माझ्या ताईचं नाव कुमुद होतं."

"होतं" हा शब्द त्यांना बरोबर कळला. म्हणाल्या, "धाकटे ना तुम्ही? मग नावानं कशाला हाक माराल तिला!"

"कधीच नाही मारली. आज पहिल्यांदा."

"मलाही आता नावानं हाक मारणारं कुणी उरलं नाही बघा. वहिनी झाले, काकू झाले, आजी झाले. नाव आपलं नुसतं कार्डावर." मग एकदम हसल्या. "मघाशी हाक ऐकली तर काय धावले मी! गुडघ्यांना पत्तासुद्धा लागू दिला नाही."

आम्ही दोघंही हसलो, आणि मग दोघांनीही आपापले चष्मे काढून पुसले. त्यांची गाडी माझ्याच कृपेनं फाटकाआड अडकलेली होती. ती निघायच्या बेताला आली तेव्हा मी माईक सुरू केला. एवीतेवी नोकरी जाणारच होती.

"कुमुदताई, आपली गाडी फलाट तीनवर उभी आहे. सावकाश चढावे. गाडी आपल्यासाठी थांबेल."

दोनदा म्हणालो. आणि गाडी थांबली बरं का! माझ्या कारकिर्दीत घोषणेप्रमाणे वागलेली पहिली गाडी.

मागं वळलो तर दारात बायको. हातात माझा डबा. कधीपासून उभी होती, देव जाणे.

"वत्सलाला मारलेली हाक ऐकली मी," ती म्हणाली. "गाडी रद्द झाल्यासारखी."

मी माईकचं बटण बंद आहे ना ते बघितलं.

"आणि कुमुद म्हणताना..." तिनं डबा टेबलावर ठेवला. "आधी जेवा."

बाराला पाच मिनिटं कमी असताना लेकीला फोन लावला. मी ठरवलं होतं: माझी हाक मारून झाली, आता बायकोच्या आईला घरात कुणीतरी ओ देऊ दे. फोन उचलला गेला आणि आम्ही दोघंही एकदमच बोललो.

"वत्सला," मी म्हणालो.

"कुमुद," बायको म्हणाली.

"अगं, तुझ्या आईचं नाव..."

"तुम्ही गप्प बसा हो! आईला चालेल. तिनं आयुष्यभर सगळ्यांना आपल्या आधी जेवायला वाढलं."

"छे, छे, वत्सलाच! मी बोलतोय ना!"

"दोनदा बोललात म्हणून खरं होत नाही!"

"बाबा!" लेक ओरडली. "कालपर्यंत तुम्ही दोघं बरोबर उलटं भांडत होतात. मी भरते फॉर्म माझ्या मनानं. काय भरलं ते इथं आल्यावर कळेल. तोवर आपलं 'बाळ'!"

इकडं साहेबांनी शिक्षा दिली. चार दिवस सक्तीची रजा! ज्या रजेसाठी मी हातापाया पडत होतो, ती शिक्षा म्हणून मिळाली. मला इतकं हसू आलं की साहेबांना वाटलं, धक्का बसला. पण माझ्या जागी बसायला माणूस नव्हता, म्हणून शिक्षाही महिनाभर पुढं ढकलली. तो महिना कसा काढला, आमचं आम्हाला ठाऊक. रोज फोनवर लेकीला बोलण्यात पकडायला बघायचो, पण पोरगी पक्की आमच्या वळणाची. बाळ हसलं, बाळानं बाळसं धरलंय, बाळ आजोबांवर गेलंय. नाव काही सांगेना. फोन ठेवल्यावर आम्ही दोघं दोन नावं मनातल्या मनात म्हणत बसायचो.

शेवटी बदली माणूस बरा झाला आणि मी आनंदानं शिक्षा भोगायला निघालो. नऊ तासांचा प्रवास करून उतरलो. केवढं ते स्टँड! चोवीस फलाट. बायको सामानापाशी थांबली, "जावई येतायत, हलू नका" म्हणाली, आणि मी हललो. मला त्यांचे भोंगे बघायचे होते. भोंगे मोजत मोजत सतरापर्यंत गेलो आणि परत फिरलो, तर बायको नाही, सामान नाही, फलाट ओळखीचा नाही. फोन बायकोच्या पर्समध्ये. तीस वर्षं हरवलेल्यांना वाट दाखवणारा मी, एका खांबाला टेकून, कासावीस होऊन उभा राहिलो.

आणि वरून आवाज आला.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. चौकडीचा शर्ट, टक्कल, हातात रिकामा डबा, अशा वर्णनाचे एक आजोबा हरवले आहेत. आजोबा, जिथे असाल तिथून चौकशी खिडकीजवळ या. कुमुद आपली वाट पाहत आहे."

पहिल्यांदा मी नुसता दचकलो. हललो नाही. नियम मला माहीत होता. डोळे मिटून तसाच उभा राहिलो, दुसऱ्यांदा ऐकायला.

"...कुमुद आपली वाट पाहत आहे."

"कृपया" तितकंसं जमलं नव्हतं त्याला. पण पुढचं फार छान म्हणाला. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. आता खिडकी शोधायची कुठं, म्हणून डोळे पुसतोय, तोच खांद्यावर बायकोचा हात पडला.

"अहो, मागं वळा. केव्हाचे खिडकीकडेच पाठ करून उभे आहात."

वळलो. सगळी उभी होती. लेकीनं दुपट्यातलं बाळ माझ्या हातात दिलं. केस थोडे, दात नाहीत, आणि अर्थातच झोपलेलं. मी खाली वाकून, जमेल तितक्या हळू हाक मारली, "कुमुद." ती दचकली. मी नियमाप्रमाणे पुन्हा म्हणालो, "कुमुद."

या वेळी तिनं नीट ऐकलं, डोळे उघडून माझ्याकडं बघितलं आणि चोवीसही फलाटांवर ऐकू जाईल असं भोकाड पसरलं.

"तुमच्यावरच गेलीय," बायको म्हणाली. "आणा इकडे. तुम्ही आपली गाड्यांनाच हाक मारा."